एमिटरचा कपॅसिटर काढल्यावर गेन का पडतो आणि त्यात फीडबॅक नेमका कुठे असतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका ट्रान्झिस्टरचा साधा कॉमन एमिटर अँप्लिफायर ब्रेडबोर्डवर जोडलाय, एमिटरच्या १ के (१००० ओहम) रेझिस्टरला पॅरलल कपॅसिटर आहे तोपर्यंत गेन, म्हणजे इनपुटच्या किती पट आउटपुट ते, दोनशेच्या आसपास मिळतो आणि तो कपॅसिटर काढला की एकदम चारच्याही खाली येतो. पुस्तक म्हणतं हा निगेटिव्ह फीडबॅक, म्हणजे आउटपुटचा काही भाग परत येऊन इनपुटमधून वजा होणं. पण आउटपुटकडून इनपुटकडे परत येणारी वायर तर सर्किटमध्ये कुठेच नाही, मग फीडबॅक आला कुठून, आणि एवढा गेन घालवून हातात काय पडतं?

वायर नाही हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे, आणि माझ्या मते हा घोळ पुस्तकातल्या त्या ठरावीक आकृतीमुळे होतो. एक त्रिकोण, त्याच्या आउटपुटवरून मागे जाणारा एक चौकोन आणि इनपुटपाशी अधिक-उणे लिहिलेला एक छोटा गोल. आकृती चुकीची नाही, पण ती बघून सगळे तो मागे जाणारा चौकोन शोधत बसतात, आणि खरं शोधायचा असतो तो गोल. इनपुटमधून काहीतरी वजा कुठे होतंय ती जागा शोधायची. ती सापडली की बाकीचं सगळं सर्किट आपोआप उलगडत जातं.

आता ट्रान्झिस्टरच्या बाजूने बघा. आपण सिग्नल देतो बेस आणि ग्राउंड यांच्यामध्ये. पण ट्रान्झिस्टरला ग्राउंडशी काही देणंघेणं नसतं, त्याचा कलेक्टर करंट ठरतो बेस आणि एमिटर यांच्यातल्या व्होल्टेजवर, म्हणजे बेसचं व्होल्टेज वजा एमिटरचं व्होल्टेज. झालं, वजाबाकी सापडली, ती ट्रान्झिस्टरच्या अंगातच आहे. एमिटर थेट ग्राउंडला जोडला असेल तर आपण शून्य वजा करतोय, म्हणून काही जाणवत नाही. एमिटरखाली रेझिस्टर घातला की जो करंट ट्रान्झिस्टर सोडतो तोच करंट त्या रेझिस्टरमधून जाऊन तिथे व्होल्टेज तयार करतो आणि तेच व्होल्टेज इनपुटमधून वजा होतं. आउटपुटची बातमी इनपुटला कळवायचं काम तो एकटा रेझिस्टर करतो, वेगळी वायर लागतच नाही.

आकड्यांशिवाय हे पटत नाही म्हणून एक सर्किट धरून चालू. १२ व्होल्ट सप्लाय, बीसी५४७ ट्रान्झिस्टर, बेसला वरून ४७ के आणि खाली १० के, कलेक्टरला ३.९ के, एमिटरला १ के. बेसवर साधारण २.१ व्होल्ट येतात, ०.६५ बेस-एमिटरमध्ये जातात, एमिटरवर १.४ च्या जरा वर उरतात, म्हणजे करंट १.४ मिलिअँप, आणि कलेक्टर साडेसहा व्होल्टच्या जवळ बसतो. १.४ मिलिअँपला ट्रान्झिस्टरचा स्वतःचा आतला एमिटर रेझिस्टन्स किती? २६ मिलिव्होल्ट भागिले १.४ मिलिअँप, म्हणजे १८.६ ओहम. हा १८.६ लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे लागणार आहे.

कपॅसिटर आहे तोपर्यंत एसी सिग्नलसाठी एमिटर ग्राउंडलाच आहे, मग गेन ३९०० भागिले १८.६ म्हणजे २१०. कपॅसिटर काढला की ३९०० भागिले १०१८.६ म्हणजे ३.८. तुम्हाला जे दिसलं तेच.

आता कपॅसिटर काढलेल्या सर्किटच्या बेसवर १० मिलिव्होल्ट वर ढकला आणि काय होतं ते बघा. करंट वाढायला लागतो, तसा एमिटर वर यायला लागतो, आणि सगळं जिथे स्थिरावतं तिथे एमिटर ९.८२ मिलिव्होल्ट वर आलेला असतो. म्हणजे ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटरमध्ये उरले फक्त ०.१८ मिलिव्होल्ट. त्या ०.१८ वर ट्रान्झिस्टर आपला पूर्ण २१० चा गेन लावतो आणि कलेक्टर ३८ मिलिव्होल्ट खाली जातो. नीट बघा, ट्रान्झिस्टरचा गेन कुठेही कमी झालेला नाही, तो जेवढा होता तेवढाच आहे, त्याच्यापर्यंत पोचणारं इनपुटच ५५ पटीने कमी झालंय. माझ्या मते हा मुद्दा डोक्यात बसला की अर्धा फीडबॅक समजला.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे, की सिग्नल आधी पुढे जातो, वाढतो, मग मागे येऊन कमी करतो, मग परत पुढे जातो अशा फेऱ्या होतात. तसं काही होत नाही. करंट वाढणं आणि एमिटर वर येणं हे एकाच वेळी घडतं, बीसी५४७ चा ट्रान्झिशन फ्रिक्वेन्सीचा (ट्रान्झिस्टर किती वेगाने काम करू शकतो ते सांगणारा) आकडा शेकड्यांनी मेगाहर्ट्झमध्ये आहे, ऑडिओच्या दृष्टीने हा विलंब शून्यच धरा. तराजूच्या दोन पारड्यांत कोण आधी हललं असं आपण विचारत नाही, तसंच हे आहे. विलंबाचा विचार करायची वेळ येते ती अनेक स्टेज एका लूपमध्ये घेतल्यावर, त्याचं पुढे बोलू.

हे ५५ कुठून आले ते पण बघून घ्या. एमिटर रेझिस्टर १००० भागिले १८.६ म्हणजे ५४, हा झाला लूप गेन, म्हणजे फीडबॅकच्या पूर्ण वाटेवरचा गेन, आणि फीडबॅकमुळे गेन भागला जातो एक अधिक लूप गेनने, म्हणजे ५५ ने. २१० भागिले ५५ म्हणजे ३.८. पुस्तकातला मोठा फॉर्म्युला तो हाच. आणि लूप गेन एकपेक्षा पुष्कळ मोठा असला की उत्तर जवळजवळ कलेक्टर रेझिस्टर भागिले एमिटर रेझिस्टर एवढंच राहतं, ३.९ भागिले १. त्यात ट्रान्झिस्टर कुठेच नाही. ट्रान्झिस्टर बदला, तापवा, दुसऱ्या कंपनीचा लावा, गेन दोन रेझिस्टरांच्या भागाकारावर टिकून राहतो. गेन घालवून जे विकत घेतलं ते हे.

आणि हे विकत घेण्यासारखं आहे का, तर डीसी बायसिंगकडे, म्हणजे सिग्नल नसतानाचा करंट आणि व्होल्टेज ठरवण्याकडे, बघा म्हणजे लगेच कळेल. बीसी५४७ चा बीटा, म्हणजे बेस करंटच्या किती पट कलेक्टर करंट ते, डेटाशीटमध्ये बी ग्रुपला २०० ते ४५० दिलेला असतो, म्हणजे एकाच पाकिटातले, एकच अक्षर छापलेले दोन ट्रान्झिस्टर दुपटीपेक्षा जास्त फरकाचे निघू शकतात. आता समजा एमिटर रेझिस्टर टाकलाच नाही, एमिटर ग्राउंडला, आणि बेसला सप्लायवरून एकच १.६ मेगओहम. बेस करंट ७.१ मायक्रोअँप. बीटा २०० असेल तर कलेक्टर करंट १.४२ मिलिअँप, कलेक्टर साडेसहा व्होल्टवर, एकदम छान. त्याच जागी बीटा ४५० चा लावला तर करंट ३.२ मिलिअँप मागेल, पण ३.९ के मधून १२ व्होल्टला ३.०८ च्या वर करंट जाऊच शकत नाही, म्हणजे ट्रान्झिस्टर सॅच्युरेट, म्हणजे पूर्ण उघडा, होऊन बसला आणि सिग्नल खलास. आता आपलं ४७ के, १० के आणि १ के वालं सर्किट घ्या, तेच दोन ट्रान्झिस्टर लावा. बीटा २०० ला १.३९ मिलिअँप, ४५० ला १.४३ मिलिअँप. कलेक्टरवर फरक ०.१४ व्होल्ट. मल्टिमीटर लावून बघितलं तरच कळेल एवढा.

तापमानाचंही तसंच. बेस-एमिटर व्होल्टेज दर डिग्री सेल्सिअसला साधारण २ मिलिव्होल्टने कमी होतं. ३० डिग्रीने तापला तर ६० मिलिव्होल्ट. एमिटर ग्राउंडला ठेवून बेसला कोणी ठराविक व्होल्टेजने बांधून ठेवलं असेल तर तेवढ्यात करंट आठ-दहा पट होतो, आणि एमिटरला १ के असेल तर ६० मिलिव्होल्ट भागिले १ के म्हणजे ०.०६ मिलिअँप वाढतो, १.४ वर साधारण ४ टक्के. म्हणून एक गोष्ट स्पष्ट लक्षात घ्या, तुमच्या सर्किटमध्ये कपॅसिटर लावलेला असतानाही फीडबॅक चालूच होता. कपॅसिटर फक्त सिग्नलच्या फ्रिक्वेन्सीला तो बंद करतो, डीसीला तो कायम चालू असतो, आणि तुमचा कलेक्टर साडेसहा व्होल्टवर गपचूप बसलेला होता तो त्याच्याच जिवावर.

गेन मुद्दाम फेकून देणं हे ऐकायला विचित्र वाटतं आणि ते फक्त शिकणाऱ्यालाच वाटतं असं नाही. बेल लॅब्समधल्या हॅरॉल्ड ब्लॅक यांना ही कल्पना १९२७ मध्ये सुचली, लांबच्या टेलिफोन लाईनवर एकामागे एक कितीतरी व्हॉल्व्ह अँप्लिफायर लागायचे आणि प्रत्येकाचं डिस्टॉर्शन, म्हणजे सिग्नलचा आकार बिघडणं, साठत जायचं, त्यावर ते उपाय शोधत होते. पेटंटचा अर्ज १९२८ चा आणि पेटंट हातात पडलं डिसेंबर १९३७ मध्ये. ट्रान्झिस्टर तर त्यानंतर दहा वर्षांनी आला. म्हणजे हे तंत्र ट्रान्झिस्टरपेक्षा जुनं आहे, ट्रान्झिस्टरला ते आयतं मिळालं.

आता डिस्टॉर्शन, कारण ऑडिओवाल्याला खरी गरज इथे आहे. बेस-एमिटर व्होल्टेज आणि कलेक्टर करंट यांचं नातं एक्स्पोनेन्शियल आहे, दर १८ मिलिव्होल्टला करंट दुप्पट, ६० मिलिव्होल्टला दहापट. बेस-एमिटरवर थेट ५ मिलिव्होल्ट वर आणि ५ मिलिव्होल्ट खाली अशी स्वच्छ साइन वेव्ह दिली तर वरच्या बाजूला करंट २१ टक्क्यांनी वाढतो आणि खालच्या बाजूला साडेसतराच टक्क्यांनी कमी होतो. कलेक्टरवर जेमतेम १ व्होल्ट पीकचं आउटपुट आणि त्यात आधीच साधारण ५ टक्के सेकंड हार्मोनिक, म्हणजे दुप्पट फ्रिक्वेन्सीची भेसळ. स्कोपवर नुसत्या डोळ्यांनीही एक बाजू फुगलेली दिसते. म्हणजे २१० चा गेन ऐकायला मोठा आहे पण तो करंटबरोबर बदलणारा गेन आहे, वेव्हच्या वरच्या टोकाला एक आणि खालच्या टोकाला दुसरा.

फीडबॅक हे कसं दुरुस्त करतो ते मला कायम सुंदर वाटत आलंय. एमिटर रेझिस्टरवरचं व्होल्टेज हे करंटचं हुबेहूब चित्र असतं, म्हणजे करंट वाकडा झाला तर तेही तेवढंच वाकडं होतं. ते वाकडं व्होल्टेज स्वच्छ इनपुटमधून वजा होतं, त्यामुळे बेस-एमिटरमध्ये जे उरतं ते उलट्या बाजूने वाकलेलं असतं, आणि उलटं वाकलेलं इनपुट वाकड्या ट्रान्झिस्टरमधून गेलं की आउटपुट जवळजवळ सरळ निघतं. दोन चॅनलचा स्कोप असेल तर एक प्रोब बेसवर, एक एमिटरवर आणि दोघांची वजाबाकी स्क्रीनवर घ्या. सिग्नल जरा मोठा ठेवा, कारण उरलेला भाग फारच छोटा असतो. ती वेव्ह साइनसारखी दिसत नाही, आणि ती तशी दिसत नाही म्हणूनच आउटपुट साइनसारखं दिसतं.

आकड्यात सांगायचं तर त्याच १ व्होल्ट पीक आउटपुटला डिस्टॉर्शनही एक अधिक लूप गेनने भागलं जातं. पूर्ण १ के बिनकपॅसिटरचा ठेवला तर ५ टक्क्यांचे ०.१ टक्क्याच्या खाली येतात. फक्त १०० ओहम बिनकपॅसिटरचा ठेवला तर लूप गेन ५.४, भागाकार ६.४ ने, गेन ३३ आणि डिस्टॉर्शन पाऊण टक्का. एक अट मात्र आहे, हे सगळं ट्रान्झिस्टर जिवंत असेपर्यंत. आउटपुट सप्लायला किंवा सॅच्युरेशनला जाऊन धडकलं, क्लिप झालं, की लूप तुटतो, मग फीडबॅक कितीही असो, कापलेलं डोकं परत येत नाही. फीडबॅकवाल्या सर्किटचं क्लिपिंग उलट जास्त तीक्ष्ण दिसतं, कारण धडकेपर्यंत ते अगदी सरळ असतं.

आता जिथे भलेभले फसतात तो भाग. सगळीकडे लिहिलेलं असतं की निगेटिव्ह फीडबॅकने आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे आउटपुटचा आतला अडथळा, कमी होतो, पुढे जोडलेल्या लोडचा परिणाम कमी होतो. हे या सर्किटमध्ये करून बघा. कपॅसिटर लावलेला असताना आउटपुटला १० के चा लोड लावा, ३.९ के आणि १० के पॅरलल म्हणजे २.८ के, गेन २१० वरून १५१ होतो. आता कपॅसिटर काढा आणि तोच लोड लावा, गेन ३.८३ वरून २.७५. दोन्ही वेळा बरोबर २८ टक्के कमी. ५५ पट फीडबॅक आहे आणि लोडपुढे त्याचा काडीचा उपयोग नाही!

का, तर फीडबॅक त्याच गोष्टीला सांभाळतो जिच्यावर त्याची नजर आहे. एमिटर रेझिस्टरची नजर करंटवर आहे. कलेक्टरचं व्होल्टेज काय चाललंय हे त्याला दिसतच नाही, लोड लावला काय आणि नाही लावला काय, करंट तेवढाच राहतो आणि रेझिस्टर समाधानी असतो. तो करंट पुढे ३.९ के मधून जाऊन व्होल्टेज किती होतं ही त्याची जबाबदारी नाही. उलट कलेक्टर आता आणखी पक्का करंट सोर्स झालाय, म्हणजे ट्रान्झिस्टरकडून बघितलं तर त्याचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स वाढला, बाहेरून जो दिसतो तो फक्त ३.९ के.

आणि याच सर्किटमध्ये आउटपुट कलेक्टरऐवजी एमिटरवरून घ्या. वायर तीच, रेझिस्टर तोच, फीडबॅक तोच, पण आता लोड त्याच ठिकाणी लागतोय जिथलं व्होल्टेज वजा होतंय. लोडने एमिटर जरा खाली ओढला की बेस-एमिटर व्होल्टेज वाढतं, ट्रान्झिस्टर जास्त करंट देतो आणि एमिटर परत वर येतो. आउटपुट इम्पिडन्स १८.६ ओहम अधिक सोर्सचा इम्पिडन्स भागिले बीटा, म्हणजे काही दहांच्या पटीत ओहम. हा झाला एमिटर फॉलोअर, लोक त्याला वेगळं सर्किट म्हणून शिकतात पण तो शंभर टक्के फीडबॅकचा हाच अँप्लिफायर आहे. त्यामुळे दर वेळी दोन प्रश्न विचारायचे, वजाबाकी कुठे होतेय आणि नजर कशावर आहे.

व्होल्टेजवर नजर ठेवायची असेल तर कलेक्टरवरून बेसला रेझिस्टर टाकतात, आणि इथे तुम्हाला पाहिजे होती ती मागे येणारी वायर एकदाची दिसते. बेस वर गेला की कलेक्टर खाली जातो, आणि तो खाली गेलेला कलेक्टर रेझिस्टरमधून बेसचा करंट खेचून घेतो, म्हणजे वजाबाकी होतेय पण व्होल्टेजची नाही, बेसपाशी येणाऱ्या करंटची. हे विसरलं की एक मजेशीर गोंधळ होतो. सिग्नल जनरेटर, ज्याचा स्वतःचा इम्पिडन्स अगदी कमी आहे, तो थेट बेसला जोडला आणि कलेक्टर-बेस रेझिस्टर लावून-काढून बघितला तर गेनमध्ये फरकच दिसत नाही आणि माणूस म्हणतो फीडबॅक चालत नाही. चालणार कसा, जनरेटरने बेसचं व्होल्टेज घट्ट धरून ठेवलंय, खेचलेला करंट तो मुकाट्याने भरून देतो. मध्ये सिरीज रेझिस्टर टाका मग बघा.

आपल्याच सर्किटमध्ये करू. एमिटरचा कपॅसिटर परत लावा, सोर्स आणि बेसच्या मध्ये १० के, आणि कलेक्टरवरून बेसला १०० के, त्याच्या सिरीजमध्ये १ मायक्रोफॅरड म्हणजे डीसी बायस बिघडणार नाही. १०० के लावायच्या आधी सोर्सपासून आउटपुटपर्यंतचा गेन साधारण ४३ आहे, कारण १० के आणि अँप्लिफायरचा अडीच के इनपुट इम्पिडन्स यांच्यात बराच सिग्नल जातो. १०० के लावल्यावर गेन ८. आदर्श उत्तर १०० भागिले १० म्हणजे १० आलं असतं, पण इथे लूप गेन फक्त ४ च्या आसपास आहे, म्हणून तेवढं पोचत नाही. आता तोच १० के चा लोड लावा. आधी २८ टक्के जात होते, आता ८ चे साडेसात होतात, म्हणजे ६-७ टक्के. लूप गेन जेमतेम ४ असूनही लोडपुढे ५४ वाल्यापेक्षा हा भारी पडला, कारण याची नजर योग्य जागी आहे. आउटपुट इम्पिडन्स ३.९ के वरून साधारण ७५० ओहमवर आला.

इनपुट इम्पिडन्सचं गणित याच वजाबाकीवरून निघतं, फार लांबवत नाही. एमिटर रेझिस्टरमध्ये बेसबरोबर एमिटरही वर येतो म्हणून बेस करंट कमी वाढतो, म्हणजे इनपुट इम्पिडन्स वाढतो, बीटा २०० धरला तर बेसमध्ये बघताना ३.७ के चा २०४ के होतो. पण बाहेरून तो मिळत नाही! ४७ के आणि १० के बायसचे रेझिस्टर पॅरललमध्ये बसलेत, ते दोघे मिळून ८.२५ के, त्यामुळे प्रत्यक्षात मिळतो ७.९ के. सिम्युलेटरमध्ये २०४ के शोधणाऱ्यांचा इथे फार वेळ जातो. कलेक्टर-बेस फीडबॅकमध्ये उलट, इनपुट इम्पिडन्स कमी होतो. आणि ट्रान्झिस्टरच्या आत कलेक्टर-बेसमध्ये जो ३-४ पिकोफॅरडचा कपॅसिटन्स असतो तोही याच जातीचा फीडबॅक आहे, आपण न लावलेला, २१० गेनला तो बेसवर सातशे-आठशे पिकोफॅरडसारखा वागतो आणि वरच्या फ्रिक्वेन्सी खातो. यालाच मिलर इफेक्ट म्हणतात.

बायपास कपॅसिटरच्या व्हॅल्यूबद्दल मात्र जरा थांबून सांगतो, कारण ही चूक मला तयार प्रोजेक्टच्या सर्किटमध्येसुद्धा सारखी दिसते. लोक गणित करतात १ के आणि १० मायक्रोफॅरडचं, उत्तर येतं १६ हर्ट्झ, म्हणतात ऑडिओला पुरे. पुरत नाही. कपॅसिटरला १ के शी झुंजायचं नसतं, त्याला एमिटरमध्ये बघताना दिसणाऱ्या १८.६ ओहमशी झुंजायचं असतं, आणि त्याच्याशी गणित केलं तर १० मायक्रोफॅरडला उत्तर येतं साधारण ८७० हर्ट्झ. म्हणजे १६ हर्ट्झला फीडबॅक नुसता सुटायला लागतो आणि पूर्ण सुटतो ८७० च्याही पुढे, मधल्या सगळ्या पट्ट्यात गेन ४ वरून २०० कडे चढत असतो. आवाजातला सगळा खालचा भाग त्यात गेला, आणि अँप्लिफायर पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. २० हर्ट्झपर्यंत सपाट हवं असेल तर ४७० मायक्रोफॅरड लागतो. सोर्सचा इम्पिडन्स जास्त असेल तर थोडा कमी चालतो, पण १० नाही.

निगेटिव्ह आहे की पॉझिटिव्ह हे ओळखायलाही वजाबाकीच बघायची. बेस थोडा वर ढकलला अशी कल्पना करा आणि परत येणारी गोष्ट बेस-एमिटर व्होल्टेज कमी करतेय की वाढवतेय ते बघा. दोन कॉमन एमिटर स्टेज एकामागे एक असतील तर दुसऱ्याचा कलेक्टर पहिल्या बेसबरोबरच वर जातो, तो पहिल्या बेसला जोडला तर बेरीज होईल आणि सर्किट शिट्टी मारेल किंवा एका बाजूला चिकटून बसेल. तोच पहिल्या एमिटरला जोडला तर वजाबाकी. पहिल्या एमिटरखाली १०० ओहम बिनकपॅसिटरचा आणि दुसऱ्या कलेक्टरवरून त्यावर ४.७ के, सिरीजमध्ये डीसी अडवणारा कपॅसिटर, गेन साधारण ४८ वर पक्का होतो. हे माझं सगळ्यात आवडतं सर्किट आहे, कारण आधी दोन्ही स्टेजचा मिळून हजारोंचा गेन असतो, लूप गेन भरपूर मिळतो, आणि नजरही आउटपुट व्होल्टेजवर असते. तीन स्टेज एका लूपमध्ये घेतल्या की मात्र वर म्हटलेला विलंब अंगावर येतो, प्रत्येक स्टेज वरच्या फ्रिक्वेन्सीला फेज मागे टाकते, सगळं मिळून १८० डिग्री झालं आणि तिथे लूप गेन अजून एकच्या वर असला तर वजाबाकीची बेरीज होते आणि अँप्लिफायरचा ऑसिलेटर. हा हिशेब इंजिनिअर हॅरी नायक्विस्ट यांनी १९३२ मध्ये मांडला. एका ट्रान्झिस्टरच्या तुमच्या सर्किटला ती भीती जवळपास नाही.

राहिला नॉइझ, आणि तिथे फीडबॅककडून अपेक्षा ठेवू नका. फीडबॅक सिग्नल आणि ट्रान्झिस्टरचा नॉइझ दोघांनाही सारखंच भागतो, गुणोत्तर तेच राहतं, वर एमिटरचा बिनकपॅसिटरचा रेझिस्टर स्वतःचा थर्मल नॉइझ थेट इनपुटमध्ये घालतो. १ के चा नॉइझ रूट हर्ट्झला ४ नॅनोव्होल्ट, १०० ओहमचा १.३. माइकसारखा बारीक सिग्नल असेल तर हा फरक ऐकू येतो, लाइन लेव्हलला विसरून जा.

म्हणून तुमच्या सर्किटला माझं सांगणं असं की कपॅसिटर ठेवू की काढू असा विचारच करू नका. १ के चे दोन भाग करा, वर १०० ओहम तसाच मोकळा आणि खाली ९१० ओहम, त्या ९१० ला १०० मायक्रोफॅरड पॅरलल, प्लस टोक १०० आणि ९१० च्या जोडावर. डीसीला पूर्ण हजार ओहमचा फीडबॅक मिळतो म्हणून बायस पक्का राहतो, सिग्नलला १०० ओहमचा मिळतो, गेन ३३, पुढे १० के चा लोड असेल तर २४. एवढा गेन कमी पडला तर १०० ओहम कमी करत बसू नका, दुसरा ट्रान्झिस्टर लावा आणि त्याच्या कलेक्टरवरून ४.७ के, सिरीजमध्ये डीसी अडवणाऱ्या कपॅसिटरसह, याच १०० ओहमवर आणा.